कोहळ्याला गडी लागतो

माझ्या बायकोच्या मातीला शेजारचा म्हातारा माझ्यापेक्षा मोठ्यानं रडला. मला ते आवडलं नाही. चार माणसांनी त्याला धरून बसवलं, पाणी पाजलं, पाठीवरनं हात फिरवला. आणि मी, ज्याची बायको गेली तो, लिंबाखाली एकटा उभा. मला रडू येत नव्हतं असं नाही. पण त्याचं ते मोकळं रडणं बघून माझं होतं तेही आत गेलं. मनात म्हटलं, लेका, तुझी कोण लागत होती रं ती?

हे मनातच म्हटलं. उभा जन्म मी हे मनातच म्हणत आलोय.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढचं अक्षर पलटणीत गिरवलं. गोड लिहायला मला येत नाही, बोलायलाही येत नव्हतं, हे ती असती तर तिनंच सांगितलं असतं. तेव्हा जसं झालं तसं लिहितो.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. इथनं पुढं नदी सांगलीकडं जाते. घर साधं, मागं परडं, परड्यात गुरांचं छप्पर, आणि परड्याच्या कडेला मातीची कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडं शेजाऱ्याचं परडं आणि त्याचंही तसलंच छप्पर. तो माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही एकाच म्हशीच्या पाठीवर बसून नदीला जायचो.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच सुमाराला माझं लग्न झालं. बायको माणदेशाकडची, कोरड्या मुलखातली. तिच्याबरोबर आलेल्या भांड्यांत एक लहान गाडगं होतं, वर फडकं बांधलेलं. मला वाटलं लोणचं असेल. उघडलं तर नुसती राख. मी हसलो. ती म्हणाली, "हात घाला की." हात घातला तर राखेत कोहळ्याच्या बिया. राखेत ठेवल्या की किडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं आमची न्हाणी बघितली. माणसं अंघोळ करत होती आणि पाणी पाटानं वाहून उकिरड्याकडं जात होतं. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि माझ्या आईला म्हणाली, "आत्ती, एवढ्या पाण्यात आमच्याकडं एक मळा भिजतुया." आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिनं न्हाणीच्या तोंडाशी आळं केलं. शेणखत घातलं, चुलीतली राख घातली, बी टोचलं. पावसाळ्यात वेल छपरावर चढला. एवढ्या मोठ्या पिवळ्या फुलांचा वेल आमच्या परड्यात आधी कधी नव्हता.

कोहळ्याचं मला तेव्हा फारसं काही ठाऊक नव्हतं. तिनं शिकवलं. आधी नुसती वांझ फुलं येतात, त्यानं घाबरायचं नाही. मग ज्या फुलाच्या बुडाशी केसाळ गोळी असते, तेच धरणार. कोवळ्या कोहळ्याकडं सरळ बोट दाखवायचं नाही, दाखवलं की तो कुजतो. दाखवायचाच तर बोट वाकडं करून दाखवायचा. फळ सुपारीचं नारळाएवढं झालं की त्याच्या बुडाशी कापडाची चुंबळ द्यायची, डोक्यावर घागरीखाली देतात तशी. आणि अंगावर पांढरी राख धरल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. बोट फिरवलं आणि बोटाला पांढरं लागलं की तो पिकला.

आणि एक रीत अशी, जी मला आधीपासून ठाऊक होती, कारण ती आमच्याकडं सगळ्यांनाच ठाऊक असते. अख्ख्या कोहळ्यावर बाई हत्यार टाकत नाही. पहिला वार गड्यानं घालायचा. मग बायकांनी विळीवर त्याच्या हव्या तेवढ्या फोडी कराव्या. का म्हणून विचाराल तर जुनी माणसं सांगायची की कोहळा म्हणजे बळी, बोकडाच्या जागचा. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात तेव्हा कितीतरी घरांत कोहळाच कापतात. ज्या घरात गडी नाही, त्या घरात शेजारचा कुणीतरी येऊन पहिला वार घालून जातो.

पहिल्या वर्षीचा कोहळा मी चिरला. लग्नातला पटका डोक्याला बांधला, कोयता धुतला, आणि एका दणक्यात दोन भाकलं केली. ती बघत होती. खरं सांगतो, त्या घरात माझ्यावाचून अडेल असं दुसरं काहीच नव्हतं. दूधदुभतं आईच्या हातात, चूल बायकोच्या हातात, शेत चुलत्याच्या वाट्यात. माझं असं ते एकच काम. त्या दोन भाकलांकडं बघून मला वाटलं, आता मी या घरचा गडी झालो.

मग आमची भरती झाली. आमची म्हणजे मी आणि शेजारी दोघंही साताऱ्याला गेलो. मला घेतलं. त्याच्या एका डोळ्यात लहानपणीच फूल पडलेलं होतं, त्याला परत पाठवलं. तो रडवेला झाला होता. मीच त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "जाऊ दे गड्या. आमच्या घराकडं लक्ष ठेव."

लढाईचं मी इथं सांगत नाही, ते सांगणारे पुष्कळ आहेत. एवढंच सांगतो की वाळवंटात आमची तुकडी शत्रूच्या हाती सापडली आणि पुढं बराच काळ मी तारेच्या कुंपणाच्या आत होतो. घरचं पत्र मला येईना, माझं घरी जाईना. आत खायला पातळ पाणी आणि पावाचा तुकडा. दसरा कधी आला, कधी गेला, ते कळायचं नाही. पण हवेत गारवा आला की मला वाटायचं, आता कोहळ्यावर राख धरली असेल. आता तो चिरायचा असेल. कोण चिरत असेल?

एकदा हे मी शेजारच्या खाटेवरल्या खटावकडच्या गड्याला बोललो. तो सगळ्यांना ओरडून सांगायला लागला, "ऐका रं! लोकं झुरत्यात बायकू काय करत आसंल म्हणून. ह्यो गडी झुरतुया कोहळा कोण चिरत आसंल म्हणून!" सगळे हसले. मीही हसलो. पण मला ठाऊक होतं कोण चिरत असेल. घराकडं लक्ष ठेव म्हणून मीच सांगून आलो होतो.

लढाई संपल्यावर सुटलो. कराडच्या टेसनावर उतरलो तेव्हा श्रावण होता. चालत घरी आलो. मी आधी मागच्या परड्यात गेलो. ती छपरावर होती. ओच्यात चुंबळी घेऊन, फळ हळूच उचलून त्याखाली सारत होती. मला बघितलं आणि तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "आवं, बाजूला व्हा. मला उतरायचं हाय."

एवढ्या वर्षांनी भेटल्यावर हे पहिलं बोलणं. तिचा आवाज मात्र नीट नव्हता.

आईनं माझ्या तोंडावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला आत घेतलं. मी जेवायला बसलो. भाकरी, आमटी, आणि बाजूला तळलेले सांडगे. कोहळ्याचे सांडगे, वाटलेली डाळ आणि मिरची घालून वाळवलेले. एक तोंडात घातला. कुंपणात असताना ज्या चवीची मी स्वप्नं बघितली तीच चव. दुसरा उचलला आणि हात थांबला.

"हे कुठल्या कोहळ्याचं?"

"आपल्याच," ती हसत म्हणाली. "गेल्या दसऱ्याचं."

"चिरला कुणी?"

कसं विचारलं मी ते मला दिसलं नाही, पण तिला दिसलं. तिच्या तोंडावरचं हसू असं उतरलं जसं चुलीवरनं दूध उतरवतात.

"तुमी न्हवता," ती म्हणाली. "मग चिरलाच की कुणीतरी."

आई काहीतरी बोलायला गेली. तिनं आईकडं बघितलं. "आत्ती, न्हाई. सांगायचं न्हाई. आसं तोंड करून इच्यारल्यावर सांगायचं न्हाई." आणि उठून चुलीकडं गेली. आईनं माझ्या ताटात आणखी दोन सांडगे टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरनं हाळी आली. "आलास रं गड्या! जिता आलास!" शेजारी भिंतीवर हात टेकून उभा. मला त्याला बघून आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण तो आनंद दोन वाक्यं टिकला.

"वैनींनी सांडगं वाढलं का न्हाई? ह्या खेपंला मिरची जरा जादाच झालीया."

माझ्या घरच्या सांडग्यात मिरची किती ते हा मला सांगत होता.

पुढं बघतो तर आमचा वेल भिंत ओलांडून त्याच्या छपरावर गेलेला. नुसता गेलेला नाही, त्यानं काठ्या लावून नेलेला. आमच्या छपरापेक्षा त्याच्या छपरावर फळ जास्त. तो बोट वाकडं करून मला दाखवायला लागला, "त्यो बग थोरला, वैनी म्हंत्यात त्यो खंडेनवमीचा. आन त्यो पालथा पडलाय त्यो बियाला." माझी बायको भिंतीच्या अलीकडनं म्हणाली, "न्हाई वो, त्यो बियाला न्हाई, त्येच्या देठाला कीड हाय." तो म्हणाला, "कीड न्हवं वैनी, वरखडा हाय." मग दोघं त्या देठावर वाद घालायला लागली, जशी आई आणि मामा पोराच्या खोकल्यावर घालतात. मी मधे उभा. कुठलं फळ कधी धरलं ते मी बघितलेलंच नव्हतं.

त्या दिवसापासून माझं जे सुरू झालं त्याला मी काय नाव देऊ? भाकरी गोड लागेना. ती भिंतीकडं गेली की माझे कान तिकडं. ती हसली की मी विचारायचो, "कशाला हसतीस?" ती म्हणायची, "आता हसायचीबी मनाई का?" मी मनात चित्र रंगवायचो. तो आमच्या परड्यात कोयता घेऊन उभा, ती समोर, आणि कोहळा फुटतोय. पुढचं काही नाही, एवढंच. एवढंच मला पुरत होतं.

एका सकाळी ती नदीला धुणं घेऊन गेली आणि आई शेतात. मी भिंतीपाशी गेलो, वेल दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या छपरावरनं माझ्या बाजूला ओढला. वेलाचे तणावे कुडाला, काठ्यांना, शाकारलेल्या गवताला गच्च धरून होते, ते तटातटा तुटले. मोठी दोन फळं देठातनं निसटून त्याच्या परड्यात पडली आणि फुटली. उरलेला वेल मी फिरवून आमच्या छपरावर टाकला, शेंडा मुळाकडं करून.

आवाज ऐकून शेजारी बाहेर आला. फुटलेल्या फळांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हळू आवाजात म्हणाला, "गड्या, कोहळ्याचं तोंड धरून उलटं फिरवायचं नसतं रं. त्यो रुसतोय."

"माझा वेल हाय," मी म्हणालो.

"व्हय. तुजाच हाय."

त्यानं फुटलेली भाकलं गोळा करून भिंतीवर ठेवली आणि आत गेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

ती नदीवरनं आली. ओल्या धुण्याचा पिळा खांद्यावर तसाच ठेवून बघत राहिली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. काही नाही. पुढच्या दिवसांत पानं पिवळी पडली, कोवळी फळं एकेक करून गळाली. गळतील तशी ती गोळा करायची आणि त्यांची भाजी करायची. सकाळी तीच भाजी, संध्याकाळी तीच भाजी. आई एकदा म्हणाली, "पोरी, दुसरं काय न्हाई का घरात?" ती म्हणाली, "हे संपंपतूर न्हाई."

वेलावर शेवटी एकच फळ राहिलं, मुळाजवळचं, जिथपर्यंत माझी ओढ पोचली नव्हती. त्याच्यावर मी पहारा ठेवला. म्हटलं, हा तरी माझ्या हातनं चिरला जाणार. हा चिरला की सगळं जागेवर येईल. गडी घरी आलाय हे तिला, त्याला, साऱ्या गल्लीला कळेल. रोज मी त्याच्या अंगावरनं बोट फिरवून बघायचो. राख धरायला तयारच नव्हती.

खंडेनवमी आली. परड्यात कोयता, कुऱ्हाड, खुरपी, नांगराचा फाळ मांडला. ती सारवून, हळदकुंकू लावून बाजूला उभी राहिली. मी आत गेलो, लोखंडी पेटी उघडली आणि लग्नातला पटका काढला.

घडी उलगडली तर आतल्या पदरावर पांढरी भुकटी. बोट फिरवलं. तीच राख, पिकल्या कोहळ्याची. पटक्याला वास येत होता, डोक्याच्या तेलाचा. माझ्या नव्हे.

म्हणजे कोहळा माझा, परडं माझं, बायको माझी, आणि चिरताना त्याच्या डोक्याला पटकाही माझाच! मी पटका हातात घेऊन परड्यात आलो. शेजारी दर वर्षीसारखा भिंतीपाशी येऊन उभा राहिला होता. मी सगळ्यांसमोर पटका वर धरला.

"ह्यो पटका कुणाच्या डोसक्यावर हुता?"

बायकोनं खाली बघितलं. शेजाऱ्यानं वर बघितलं. आणि माझी आई, जिला मी माझा बाप गेल्यापासून नीट हसताना बघितलं नव्हतं, ती हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता खाली बसली.

"पोरी, आता सांगते बग. आता मला धरवत न्हाई. अरं येड्या, पटक्याचा वास घेतलास, तर त्यातला क्यास न्हाई का दिसला?"

मी बघितलं. पटक्याच्या पदरात एक केस अडकला होता. हातभर लांब.

मग आईनं सांगितलं. तिच्याच बोलण्यात लिहितो.

"तुजं काय कळंना ते वरीस. गावात बाया तोंडावर पदर घिऊन बोलाय लागल्या. कोहळा पिकून छपरावर पांढरा झाल्याला. मीच ह्येला हाळी दिली, ये बाबा, वार घालून जा. ह्यो कोयता घिऊन आला बिचारा. तर ही आडवी झाली. म्हणली, 'आत्ती, शेजारचा हात कुणाच्या घरात लागतुया?' मी म्हणलं, गडी नसतुया त्या घरात. म्हणली, 'मग आपल्या घरात गडी न्हाई का?' मी म्हणलं, हाय गं बाई, पर हितं न्हाई. म्हणली, 'आज शेजारचा हात लावला म्हंजी घरात गडी न्हाईच आसं हुईल. मी चिरते.' मी म्हणलं, अगं, बाईनं चिरू ने. 'मग बाई म्हणून न्हाई चिरत,' म्हणली. आत गेली. तुजा सदरा घातला, तुजा पटका बांधला आन भाईर आली. लेका, तूच आल्यागत वाटलं मला. मी रडले, हसले, काय केलं मला ठावं न्हाई. तवापासनं दर वर्सी तसंच."

मी पटका हातात धरून उभा. कुणाला वाटेल आता माझं मन निवळलं असेल. निवळलं, पण सगळं नाही. माझ्या तोंडातनं निघालं ते हे:

"मग पटका बांधायला कुणी शिकवलं?"

आईनं कपाळावर हात मारला. शेजारी भिंतीवरनं म्हणाला, "मी. पर भित्तीच्या ह्या अंगानं. माज्या डोसक्यावर बांधून दावला, वैनींनी बगून बांधला. त्यांच्या कोहळ्याकडं मी सरळ बोटसुदिक केलं न्हाई गड्या. तू लक्ष ठेव म्हणला हुतास, मी लक्ष ठेवलं."

ती पुढं आली, कोयता उचलून माझ्या हातात दिला. "चिरा आता. आलायसा न्हवं?"

मी पटका बांधला, कोहळा पाटावर ठेवला आणि वार घातला. एका दणक्यात दोन भाकलं. आत बघितलं तर गर हिरवट आणि बिया पापडासारख्या पोचट. वेल दुखावला होता, फळ भरलंच नव्हतं. बी धरलं नाही. तिच्या माहेरच्या गाडग्यातलं बी तिनं दर वर्षी सगळं पेरून नवं धरलेलं, त्यामुळं जुनं काही शिल्लक नव्हतं. ती पोचट बिया बोटांनी चाळत राहिली, त्यात एखादी तरी भरलेली मिळेल म्हणून. तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी आलेलं मी बघितलं.

पुढच्या आखितीला शेजाऱ्यानं भिंतीवर एक गाडगं ठेवलं, राखेचं. आधीच्या वर्षी तिनंच त्याला बियाला दिलेल्या कोहळ्यातलं बी त्यानं जपून ठेवलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या परड्यात उगवतो तो कोहळा त्याच्या गाडग्यातला. हेही मला दर वर्षी टोचत आलंय.

त्यानंतर एकही वर्ष असं गेलं नाही की कोहळा मी चिरला नाही. पण त्या दिवसापासून एक नवंच सुरू झालं. मला तिला पटक्यात बघायचं होतं. एकदा, दिवाळीच्या आत, सांडग्यांना ऊन देत ती बसली होती, तेव्हा म्हणालो, "एकदा बांध की. मला बगू दे."

"काय यड लागलंय का? गडी घरात असताना कशाला?"

"त्यानं बगितलं, आईनं बगितलं. म्याच बगायचं न्हाई व्हय?"

तिनं सांडगे उलटायचे थांबवले. "आवं, तुमी न्हवता म्हणून ते झालं. तुमी बगायला आसता तर झालं आसतं का?"

पुढं पोरं झाली, त्यांची लग्नं झाली, आई गेली. मी मधेमधे विचारायचोच. चेष्टेत विचारायचो, रागात विचारायचो. ती कधी म्हणायची बघू, कधी म्हणायची म्हातारपणी. म्हातारपण आलं तर म्हणाली, आता मान धरत नाही पटक्याला. आणि माघात गेली.

पटका पेटीत आहे. केस त्यात नाही. मी पुष्कळ शोधला.

आखितीला मी आळं केलं. सून म्हणाली, "मामंजी, कशाला आता हे? सांडगं कोण घालणार?" वेल छपरावर चढला. छपरावर आता पत्रा आहे, पण वेलाला काय. भिंतही तीच आहे. या वेळी वेल भिंत ओलांडून पलीकडं गेला आणि मी त्याला जाऊ दिला.

शेजाऱ्याला आता काही दिसत नाही. फूल पडलेला डोळा तसाच, दुसऱ्यावरही पडदा आला. त्याची बायको लवकर गेली होती, पोरगा पुण्याला. दिवसभर तो भिंतीला टेकून उन्हात बसतो. माती होऊन महिना झाला असेल तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्याकडं गेलो. शेजारी बसलो. तंबाखू दिली. मग म्हणालो, "सांग."

"काय सांगू?"

"तुला ठावं हाय काय ते."

त्याला ठाऊक होतं. तंबाखू चोळत तो सांगायला लागला. सदऱ्याच्या बाह्या तिच्या बोटांच्या पुढं यायच्या, त्या ती दातांनी धरून वर ओढायची. पटका डोळ्यांवर घसरायचा. हात कोहळ्याच्या राखेनं पांढरे असायचे म्हणून मनगटानं वर सारायची, तरी राख लागायचीच. आणि कोयता उचलायच्या आधी ती भिंतीकडं वळून घोगरा आवाज काढायची, माझा आवाज, "काय बगतूस रं भित्तीवरनं? तुला काय कामधंदा न्हाई का?"

"आसं म्हणायची?"

"दर वर्सी. आन मी म्हणायचो, न्हाई दादा, काय न्हाई. तुजी आई हसून लोळायची."

माझ्या आवाजात ती त्याला दरडावायची. मी कुंपणात पाव मोजत होतो आणि माझ्या परड्यात मी उभा होतो, माझा पटका बांधून, आणि हे सगळं त्यानं एका डोळ्यानं बघितलं. तो एक डोळा माझ्या दोन डोळ्यांपेक्षा नशीबवान निघाला.

मी रोज जायला लागलो. रोज सांग म्हणतो. कधी तो म्हणतो पटका गुलाबी होता, मी म्हणतो, लाल आहे, पेटीत आहे. तो म्हणतो, "उन्हात गुलाबी दिसायचा. तू काय बगितलायस?" कधी म्हणतो, आज दमलोय, उद्या ये. जणू सावकाराकडं माझीच वस्तू अडकलीय आणि तो मला ती नुसती लांबनं दाखवतोय. तो गेला की ती वस्तूही गेली. म्हणून त्याला खोकला झाला तर मी काढा घेऊन जातो. लोक म्हणतात, म्हाताऱ्यांचं किती प्रेम आहे. म्हणोत.

काल खंडेनवमी झाली. सून, पोरगा शेतावर गेले होते. वेलावरनं मी दोन कोहळे काढले, एक माझ्या छपरावरचा, एक त्याच्या छपरावरचा. दोन्ही पांढरेशुभ्र. भिंतीपलीकडं नेले, पाट मांडला. कोयता घेतला. त्यानं मान वर केली.

"चिरतुयास?"

"व्हय."

मी वार घातला. एका दणक्यात दोन भाकलं. आत गर पांढरा, बिया भरलेल्या.

तो म्हणाला, "तुजा एकच वाजतोय. तिचं दोन वाजायचं."

"म्हंजी?"

"पयला हळू घालायची. कोयता नुसता रुतवायची. मग थांबायची. तवर पटका खाली यायचा, त्यो वर सारायची. आन मग दुसरा."

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. एवढे दिवस रोज सांगत होता आणि हे ठेवून घेतलं होतं. मला राग आला. दुसरा कोहळा पाटावर ठेवला. कोयता हळू घातला, नुसता रुतेल एवढा. थांबलो. डोक्याला काही नव्हतं, तरी मनगट कपाळावर नेलं आणि वर सारलं. मग दुसरा वार घातला.

"व्हय," तो म्हणाला. "आसंच."

त्याचं तोंड आमच्या परड्याकडं होतं, छपराच्या दिशेला, आणि ते हसत होतं. त्याला ती दिसत होती. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग तो बघत होता तिकडं बघितलं. तिथं पत्रा होता, वेल होता, आणि भिंतीच्या अलीकडं, पाटावर, मी फोडलेला कोहळा होता.